चवीपुरती

वेरूळ
१२ नोव्हेंबर १९९१

रामकिसन,

आधी आशीर्वाद घे, मग बोलणी खा.

भाऊबीजेला तुला ओवाळताना माझ्या हातातलं तबक डुगडुगलं. "आक्का, म्हातारी झालीस का?" म्हणून तू हसलास. पाटावर बसलेल्या भावाला सणाच्या दिवशी असलं काही विचारत नाहीत. आता विचारते. ओवाळायला वाकले तेव्हा तुझ्या सदऱ्याला वास येत होता, आंबूस आणि गोडसर. बाहीच्या टोकाला जांभळा डाग होता. दिवाळीत जांभळं नसतात एवढं मला कळतं.

तू पितोस का?

मला फिरवून उत्तर देऊ नको. आबांना घाटी दवाखान्यात नेलं तेव्हा तू लहान होतास. "बाहेर जाऊन चहा आण" म्हणून मी तुला पाठवलं, आणि तू येईपर्यंत सगळं आटोपलं. रक्ताच्या उलट्या मी पाहिल्या, तू पाहिल्या नाहीस. तेव्हापासून मला वाटत होतं की दारू आपल्या घरातून आबांबरोबर गेली, आता परत यायची नाही. मग तुझ्या बाहीचा डाग पाहिला. दिवाळीचं फराळाचं ताट तसंच राहिलं, ते शेजारच्या सरूबाईनं खाल्लं.

औरंगाबादच्या मोठ्या हॉटेलात लागलास तेव्हा बैरा झालो म्हणालास. बैरा ताटं उचलतो. त्याच्या बाहीला दारू कशी लागते? खरं काय ते लिही. खोटं लिहिलंस तर मी ओळखीन, कारण खोटं बोलताना तू फार गोड बोलतोस.

तुझ्या काळजीनं अर्धी झालेली,
वच्छला


गारखेडा, औरंगाबाद
२० नोव्हेंबर १९९१

आक्का,

तुझ्या पायावर डोकं ठेवून सांगतो, मी पीत नाही. पण तोंडात घेतो. लगेच पत्र फाडू नको, पुढचं वाच.

तुमच्याकडे लेणी बघायला फ्रेंच लोकांच्या टोळ्या येतात ना, ते रात्री आमच्या हॉटेलात उतरतात. त्यांना जेवणाबरोबर त्यांच्या देशाची वाइन लागते. ती कुणाला कुठली द्यायची, कशाबरोबर द्यायची, बाटली नासली आहे की नाही, हे ओळखणारा माणूस हॉटेलात पाहिजे. म्हणून मुंबईहून मिनेझिस नावाचे सर आले आहेत. ते फ्रान्समध्ये राहून हे काम शिकले. त्यांनी आम्हा तिघा बैऱ्यांना निवडलं. त्यातल्या एकाला मार्चमध्ये ही कायमची जागा मिळेल.

शिकणं कसं असतं ते ऐक. पांढरी आधी, लाल नंतर. पेल्याचा देठ धरायचा, पोटाला हात लावायचा नाही. पांढऱ्या कपड्यासमोर धरून रंग बघायचा. मग गोल फिरवून आत नाक घालायचं. सर म्हणतात, "वास सांगा." पुस्तकात लिहिलेली फळं आम्ही बापजन्मी पाहिलेली नाहीत. म्हणून सर म्हणाले, तुमच्या घरचे वास सांगा. शाब्ली म्हणून एक पांढरी असते, तिला मी म्हणालो, गारगोटीवर गारगोटी घासल्यावर येतो तसा वास आहे. सर खुर्चीतून उठलेच. बोर्दोची लाल आली तेव्हा म्हणालो, करवंदं आहेत, आणि मागं आबांच्या चंचीतली तंबाखू आहे. हे बोललो आणि माझंच मला कसंतरी झालं.

मग घोट घ्यायचा, गरम आमटी ओढतात तशी आत हवा ओढायची, लाल असेल तर हिरड्यांना किती तुरट लागते ते बघायचं, आणि थुंकायचं. हो, थुंकायचं! मधे एक स्टीलची बादली असते. सर तिला काहीतरी फ्रेंच नाव सांगतात, आम्ही पिकदाणी म्हणतो. पहिल्या दिवशी मी थुंकलो ते सरांच्या बुटावर. बाहीचा डाग तसाच पडला. आता मला तीन हातांवरून नेम साधतो.

एक थेंब घशाखाली जात नाही. गेला तर दहावी बाटली ओळखता कशी येईल? भीती मलाही वाटते आक्का. पेला तोंडाशी नेला की आबा समोर उभे राहतात. पण काम चांगलं आहे, आणि मला ते येतं. आजवर मला दुसरं काही असं आलं नव्हतं.

तुझा,
रामकिसन


वेरूळ
३० नोव्हेंबर १९९१

रामकिसन,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले. माय असती तर म्हणाली असती, तोंडात घेतलेलं थुंकू नये, अन्नपूर्णा रुसते. पण ही थुंकलेली बरी. थुंक बाबा, पोटभर थुंक.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा डोक्यात एक विचार आला. तो लिहायच्या आधी तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट सांगते.

तुझे दाजी पितात.

पोळ्यापासून पुन्हा चालू आहे. भाऊबीजेला ते घरी नव्हते, तेव्हा मी "शहरात भाडं आहे" म्हणाले. भाडंबिडं काही नव्हतं. श्रावणात मी त्यांना महाराजांकडून माळ घालून आणली होती. मला वाटलं, माळकरी माणूस कसा पिईल? महिनाभर नीट राहिले. मग माळ गळ्यातून काढली आणि जीपच्या आरशाला अडकवली. म्हणतात, "माळ गाडीला घातली, आता गाडी पीत नाय."

मला हसू येत नाही. काळी-पिवळी जीप, त्यात कोंबलेली माणसं, मागं लटकलेली वेगळी. दौलताबादच्या वेशीतून एका वेळी एकच गाडी जाते, आणि पुढं घाट. रोज संध्याकाळी अंगणात उभी राहते. आपलं माणूस जाईल म्हणून भीती वाटतेच. पण त्याहून जास्त भीती वाटते ती दुसऱ्यांची लेकरं त्याच्या हातून जातील याची. त्या घरच्यांना मी तोंड कसं दाखवू?

भांडले की त्यांचं एकच, "अगं, मी कुठं पितो? चवीपुरती घेतो."

आता माझा विचार ऐक. तुम्हीही चवीपुरतीच घेता ना? चव घेता आणि थुंकता, माणूस शुद्धीवर राहतो. मग ह्यांना थुंकायला शिकव. चव घेऊ दे, लागेल तेवढी घेऊ दे, पण घशाखाली जाऊ देऊ नको. बायकोनं सांगितलेलं नवऱ्याला पटत नाही, पण साहेब लोकांची रीत म्हटली की दाजी लगेच ऐकतील. फ्रेंच दारूचं नाव काढलं तर आत्ताच निघतील. माळेनं जमलं नाही ते यानं जमेल असं मला वाटतं.

नाही म्हणू नको. उत्तराची वाट बघते.

वच्छला


गारखेडा
१२ डिसेंबर १९९१

आक्का,

उत्तराला उशीर झाला. पाहुण्यांचा हंगाम आहे, हे खरं. पण काय लिहावं ते सुचत नव्हतं, हे जास्त खरं.

दाजींना पाठवू नको. थुंकणं हे औषध नाही. ज्याला थांबता येतं तोच थुंकू शकतो. थुंकल्यानं थांबता येत नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो, मागच्या पत्रानंतर घडलं. मागच्या आठवड्यात एका फ्रेंच म्हाताऱ्यानं जुनी बोर्दो मागवली आणि अर्धी ठेवून झोपायला गेला. सरांनी आम्हाला एकेक घोट दिला. म्हणाले, "ही थुंकायची नाही, ही थुंकली तर पाप लागेल." मी गिळली. आधी नुसती ओल्या लाकडाची चव, मग उन्हात वाळत घातलेल्या मनुकांची. नंतर छातीत असं काही उबदार पसरलं की दिवसभराचा शीण, पायांचे गोळे, जागा मिळते की नाही याची धाकधूक, सगळं लांब गेलं. आक्का, ते फार छान होतं. माझा हात आपोआप पेल्याकडे परत गेला. पेला रिकामा होता म्हणून वाचलो. मला त्या क्षणी आबा कळले, आणि कळले म्हणूनच भीती वाटली.

तेव्हापासून रोज घोट घेतो तेव्हा थुंकेपर्यंत जीव टांगणीला लागतो. मलाच हे असं, तर दाजींना मी काय शिकवू? तू सरळ जीपची किल्ली काढून घे. भांडण झालं तर होऊ दे.

रामकिसन


वेरूळ
१४ डिसेंबर १९९१, शनिवार सकाळ

रामकिसन,

तुझं उत्तर नाही. न बोलणं म्हणजे होकार, असं मी धरलं. दाजी आज सकाळी प्रवासी घेऊन शहराकडे निघाले, दुपारी तुझ्याकडे येतील. मी विषय काढला तेव्हा खूश झाले. "रामकिसनच्या सायबाला म्हनावं, पुंजारामची जीभ लई तयार हाय." इस्त्रीचा सदरा घालून गेले. लग्नानंतर इतक्या उत्साहानं कुठं गेलेले मला आठवत नाहीत.

तुझ्यावर भरवसा ठेवून आहे. मला आज पहिल्यांदा जेवण गेलं.

वच्छला


गारखेडा
१५ डिसेंबर १९९१

आक्का,

आपली पत्रं वाटेत चुकली. तुझं पत्र अजून हातात नाही, पण दाजींनी सांगितलं की तू पाठवलंस. काल जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. बसून वाच.

दाजी दुपारी हॉटेलच्या मागच्या दाराशी आले. मी त्यांना परतवून लावणार होतो, पण मिनेझिस सर तिथंच होते. त्यांना गंमत वाटली. "येऊ दे, ड्रायव्हरचं नाक चांगलं असतं," म्हणाले. दाजी आमच्या ओळीत बसले. पांढरी दिली. पेला देठाला धरला, फिरवला, वास घेतला, म्हणाले, "कच्च्या कैरीला मीठ लावल्यावानी हाय." सर खूश. घोट घेतला आणि बादलीत बरोबर थुंकले. मग लाल. तीही थुंकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, तेव्हा मलाही वाटलं की आक्काचंच बरोबर होतं, मी उगीच घाबरलो.

वर्ग सुटला. मी पेल्यांचा ट्रे घेऊन भटारखान्यात गेलो, सर बाटल्या कुलपात ठेवायला गेले. परत आलो तर दाजी खिडकीशी पाठमोरे उभे. दोन्ही हातांनी बादली उचललेली, आणि तोंडाला लावलेली.

आक्का, त्या बादलीत आम्हा सगळ्यांची थुंकी होती.

त्यांनी बादली खाली ठेवली, इस्त्रीच्या सदऱ्यानं मिशा पुसल्या. म्हणाले, "आरं, येवढी चांगली चीज वाया घालवता. तुमाला काय किंमत नाय." लाज नव्हती त्यांच्या तोंडावर. लाज असती तर मला इतकी भीती वाटली नसती.

मी किल्ली मागितली. त्यांनी मला बाजूला सारलं आणि निघाले. मी मागं धावलो. स्टँडसमोर जीप भरलेलीच होती. त्यांनी माझ्याकडे न बघता गाडी सोडली. मी ड्युटी टाकून मिळाली ती एसटी धरली. पडेगाव गेलं, दौलताबादची वेस गेली. प्रत्येक वळणावर मी खिडकीतून खाली बघत होतो, कुठं काळं-पिवळं दिसतंय का, माणसं जमलीत का. घाटात एके ठिकाणी गर्दी दिसली आणि मी जागेवरून उठलोच. सीताफळं विकणाऱ्या बाया होत्या.

वेरूळला उतरलो तर जीप चहाच्या हॉटेलासमोर उभी. दाजी बशीतून चहा पीत होते, लोक उतरून पैसे देत होते. एक म्हातारी त्यांना "देव तुमचं भलं करो" म्हणत होती. मी झाडाआड उभा राहिलो. तुझं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, पण तुझ्या दारात येऊन हे तोंडानं सांगायची मला हिंमत झाली नाही. परतीच्या गाडीनं आलो.

काल सगळे वाचले, यात दाजींचं काही श्रेय नाही. किल्ली काढून घे. मी हे काम सोडायचं म्हणतो. बादली बघितली तरी मला मळमळतं.

रामकिसन


गारखेडा
२४ डिसेंबर १९९१

आक्का,

उत्तर का नाही? स्टँडवर रोज चौकशी करतो. दाजींची जीप लागतच नाही म्हणतात. का लागत नाही ते कुणी सांगत नाही. एकजण हसला, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. तू बरी आहेस ना? त्यांनी तुला काही केलं का? माझ्या पत्रामुळे केलं का?

नाताळच्या टोळ्या आहेत, सर सुट्टी देत नाहीत. गुरुवारपर्यंत पत्र आलं नाही तर न विचारता येतो. गेली नोकरी तर गेली.

रामकिसन


वेरूळ
२५ डिसेंबर १९९१

रामकिसन,

मी बरी आहे, अंगाला कुठं लागलेलं नाही. हे पत्र सरूबाईच्या हाती देते. ती डोळे दाखवायला घाटीत येते आहे, तुझ्या हॉटेलावरून जाईल. पाकिटात जीपची किल्ली आहे, सांभाळून काढ.

त्या शनिवारी हे घरी आले ते नाचतच. "शिकलो बरं का! सायबानं टाळ्या वाजवल्या." मी देवापुढं साखर ठेवली, आळीत वाटली. मग तुझं पत्र आलं. बादलीचं वाचलं आणि मी मोरीत जाऊन ओकले. ज्या आळीत साखर वाटली तिथून पाण्याला जायची सोय राहिली नाही, असं वाटलं.

मी ह्यांना विचारलं. म्हणाले, "तुझा भाऊ जळतो माझ्यावर." किल्ली मागितली तर सदऱ्याच्या आत घातली. दोन दिवस तसेच गेले. रोज जीप जात होती, रोज माणसं बसत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझं पत्र घेऊन मीच जीपच्या ठिकाणी गेले. डोक्यावर पदर घेतला आणि भरलेल्या जीपसमोर उभी राहून मोठ्यानं वाचायला लागले. तुझ्या सरांचं, पांढऱ्या-लाल दारूचं सगळं वाचलं, बादलीपर्यंत आले आणि तेही वाचलं. मग म्हणाले, "आता बसायचं त्यानं बसा."

आपल्या आळीतली दगडाबाई पुढच्या सीटवर होती, नातीला मांडीवर घेऊन. तिनं ह्यांना विचारलं, "पुंजाराम, खरं हाय का रं?" हे खाली बघत राहिले. ती उतरली. मग एकेक करून सगळे उतरले. मागचे लटकलेले आधीच पांगले होते. मी वाकून किल्ली काढून घेतली. नवऱ्याच्या हाताखालून घेतली, रामकिसन, आणि त्यांनी हात हलवला नाही.

मला वाटलं, आज घरी मार आहे. सरूबाई दाराशी बसून राहिली. मार नाही पडला. हे आले, अंगणात बसले, आणि रडायला लागले. हुंदके देऊन. माझे पाय धरले, आईची शपथ घातली, "फक्त किल्ली दे, भाडं बुडतंय, थेंब नाय घेनार" म्हणाले. रोज तेच चाललं आहे. जेवत नाहीत. मला फार दया येते. आणि दया आली की मला माझीच भीती वाटते. तू लहान होतास, तुला माहीत नाही, आबा असेच रडायचे. माय प्रत्येक वेळी विरघळायची, डब्यातले पैसे काढून द्यायची. मी दाराच्या फटीतून बघायची. मला मायचा राग यायचा. आता मला कळतं तिला काय होत असेल.

काम सोडू नको. तुला ती चव आवडली हे तू मला लिहिलंस, दाजी कधी असं लिहिणार नाहीत. जोवर मला सांगतोस तोवर मी तुझी काळजी कमी करीन. सांगायचं थांबलास तर मात्र मीच तुझ्या हॉटेलात येईन, आणि सरांपुढं कान धरीन.

किल्ली तुझ्याकडे ठेव. घरात ठेवली तर मी देईन, एवढं मला माझं माहीत आहे. हे तुझ्याकडे येतील. हात जोडतील, रडतील, म्हणतील आक्कानं पाठवलंय. देऊ नको. माझं पत्र घेऊन येतील, माझ्याच अक्षरात लिहिलेलं, खाली माझी सही असलेलं. तरीसुद्धा देऊ नको.

वच्छला